युद्ध हरले, गादी राहिली: पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांचे प्रश्न

यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही ‘युद्ध हरले, पण राजघराणे टिकले’ या विषयावर पर्यायी इतिहासाच्या कथा मागवल्या आहेत. त्या लिहायला बसलेल्या वाचकांची इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याहून पत्रे आली. बहुतेकांनी १९१८ चा जर्मनी निवडला आहे, तर काहींनी आपल्या संस्थानांबद्दल विचारले आहे. दोन्ही प्रकारची पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण जर्मनीच्या कथेत अडलेल्या बऱ्याच गाठी माळव्याच्या इतिहासात सुटतात.

प्रश्न : माझ्या कथेत जर्मनी पहिले महायुद्ध हरतो, पण कैसरचे, म्हणजे जर्मन सम्राटाचे, घराणे राहते. त्यासाठी ९ नोव्हेंबर १९१८ ला सोशल डेमोक्रॅट पुढारी शाइडेमानला प्रजासत्ताकाची घोषणा करूच दिली नाही. गर्दीत अडकल्यामुळे तो राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, इमारतीत पोचतच नाही. मित्राने वाचून ‘हे पटत नाही’ म्हटले. नेमके कुठे चुकले?
(वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : मित्राचे बरोबर आहे. ९ नोव्हेंबरला वळण द्यायला जाणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. शाइडेमान अडकला असे धरले, तरी दोनेक तासांनी जहाल डाव्यांचा पुढारी कार्ल लीबक्नेख्ट राजवाड्यापाशी समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा करणारच होता. शाइडेमानच्याही आधी, दुपारी बाराच्या सुमारास, चॅन्सेलर असलेल्या बाडेनच्या राजपुत्र माक्सने कैसरची संमती न घेता त्याच्या पदत्यागाची बातमी देऊन टाकली होती. म्युनिकमध्ये बव्हेरियाचा राजा तिसरा लुडविग ७ तारखेच्या रात्रीच राजवाडा सोडून निघाला होता. आणि बेल्जियममधल्या स्पा गावी, मुख्य लष्करी ठाण्यावर, जनरल ग्रोएनरने कैसरला तोंडावर सांगितले होते की फौज आपल्या सेनापतींच्या हाताखाली शिस्तीत घरी जाईल, महाराजांच्या हुकमाखाली नाही. हे वाक्य उच्चारले गेले तिथेच राज्य संपले. बर्लिनची घोषणा हा त्याचा जाहीरनामा होता.

तेव्हा मागे या. आधी खऱ्या तारखा ओळीने लिहून काढा. २९ सप्टेंबरला फौजेचे सर्वोच्च सेनानी हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ कैसरला सांगतात की युद्धबंदी ताबडतोब मागावी लागेल. ३ ऑक्टोबरला माक्स चॅन्सेलर होतो आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्याकडे विनंती जाते. २३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या पत्रात विल्सन बजावतात की लष्करशहांशी आणि निरंकुश राजसत्तेशीच गाठ असेल तर वाटाघाटी नाहीत, शरणागतीच मागावी लागेल. २६ ला लुडेनडॉर्फची उचलबांगडी होते. २८ ला घटनादुरुस्ती होऊन चॅन्सेलर राइशटागला जबाबदार ठरतो. २९ ला कैसर बर्लिन सोडून स्पाला निघून जातो आणि त्याच रात्रीपासून विल्हेल्म्सहाफेनजवळ आरमारातले खलाशी हुकूम नाकारू लागतात. ३ नोव्हेंबरला कील बंदर पेटते.

वळणाची जागा २३ ते २८ ऑक्टोबर हे सहा दिवस. तोवर फौज हुकूम पाळते आहे, शहरे शांत आहेत आणि सोशल डेमोक्रॅट पुढारी एबर्टला प्रजासत्ताकाची घाई नाही. किंबहुना ६ नोव्हेंबरपर्यंत तो ग्रोएनरला सुचवत होता की कैसरने जावे आणि एखाद्या राजपुत्राला राजप्रतिनिधी नेमावे. शाइडेमानची घोषणा ऐकून तो त्याच्यावर भडकला होता. तुमच्या कथेला खलनायक हवाच असेल तर तो एबर्टला करू नका.

आता या सहा दिवसांत कथेत काय काय घडायला हवे ते पाहू.

कैसरने गादी स्वतःहून सोडली पाहिजे. कुणी भाग पाडले असे दिसता कामा नये. एबर्टच्या सूचनेला ग्रोएनरने नकार दिला, कारण वडिलांना सक्तीने उतरवले तर राजप्रतिनिधी व्हायचे नाही असे सगळ्या राजपुत्रांनी ठरवले होते. कैसरने आपणहून सोडले तर हा अडसर उरत नाही.

युवराज विल्हेल्मलाही बाजूला करा. व्हर्दूनच्या लढाईत पाचव्या सैन्याचा सेनापती तोच होता. ते नाव गादीवर आले तर ना विल्सन ऐकतील, ना बर्लिनचे कामगार. त्याच्यानंतर येतो त्याचा थोरला मुलगा, तोही विल्हेल्म, जन्म ४ जुलै १९०६. म्हणजे बारा वर्षांचा मुलगा. प्रशियाच्या घटनेप्रमाणे राजा अठराव्या वर्षी सज्ञान होतो, तेव्हा कारभार ४ जुलै १९२४ पर्यंत राजप्रतिनिधीकडे. हा मान घराण्यातल्या जवळच्या सज्ञान पुरुषाचा. वडिलांनी हक्क सोडल्यावर तो कैसरचा दुसरा मुलगा, म्हणजे या मुलाचा थोरला काका, आयटेल फ्रीडरिश याच्याकडे येतो. कथांमध्ये माक्सला राजप्रतिनिधी करून मोकळे होतात. ९ नोव्हेंबरला एबर्टने त्याला तसे विचारलेही होते, पण तो बाडेनच्या घराण्यातला. त्याला नेमायचे तर कायद्याची वाट कशी काढली हे दोन ओळींत तरी सांगावे लागेल.

पदत्यागाच्या कागदात तीन कलमे हवीत : जर्मन सम्राटपद आणि प्रशियाचे राजपद या दोन्हींवरचा हक्क सोडणे, सर्व अधिकारी आणि सैनिकांना शपथेतून मोकळे करणे, आणि नव्या धन्याची आज्ञा पाळण्यास सांगणे. मधले कलम लेखक हमखास विसरतात. सैनिकाची शपथ राजाच्या नावाने असते. त्याने मोकळे केल्याशिवाय इमानी अधिकारी नातवापुढे शपथ घेणार नाही. खऱ्या इतिहासात कैसरने हे मोकळे करणे २८ नोव्हेंबरला हॉलंडमधून लिहून दिले, म्हणजे राज्य जाऊन जवळजवळ तीन आठवडे झाल्यावर.

आणि राजप्रतिनिधीचा पहिला हुकूम आरमाराला हवा : जहाजे बंदरातून हलवायची नाहीत. आरमारी धुरीणांनी सरकारला न विचारता इंग्लिश आरमारावर शेवटची चाल करून जायचे ठरवले होते. युद्धबंदीची बोलणी चालू असताना आपल्याला मरायला धाडताहेत असे खलाशांना वाटले आणि त्यातून बंड झाले. चाल रद्द केली तर ठिणगी टळते. राग मात्र तसाच राहतो, तेव्हा कथेत तो दुसरीकडून वर येऊ द्या.

एवढे करूनही म्युनिक उरते. जर्मन साम्राज्यात २५ घटक राज्ये होती आणि त्यांपैकी २२ वर राजे, ग्रँड ड्यूक, ड्यूक नाहीतर प्रिन्स होते. बर्लिनची गादी वाचवून म्युनिकची विसरलात तर कथेला भगदाड पडते. ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रियाने शस्त्रे ठेवली आणि बव्हेरियाची दक्षिण सीमा उघडी पडली, म्हणून तिथे आधी भडका उडाला. तिसरा लुडविग ७३ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात त्याने पुत्र रुप्रेख्टसाठी गादी सोडली असे दाखवता येईल. हा रुप्रेख्ट पश्चिम आघाडीवरचा सेनापती होता आणि लोकांत त्याला मान होता.

प्रश्न : कैसरने सम्राटपद सोडून फक्त प्रशियाचा राजा राहायचे ठरवले असते तर?
(वाचक, रावपुरा, बडोदा)

उत्तर : हा विचार ९ नोव्हेंबरला त्याने स्वतः केला होता. तो चालला नसता. साम्राज्याच्या घटनेच्या ११ व्या कलमाप्रमाणे प्रशियाचा राजा जो असेल तोच जर्मन सम्राट. दोन्ही पदे एकाच गाठीत बांधलेली होती. वेगळी करायची तर घटनाच बदलावी लागली असती आणि तेवढा वेळ कुणाच्या हातात नव्हता.

प्रश्न : पराभवानंतर टिकलेल्या राजघराण्याचे त्याच युद्धातले खरे उदाहरण आहे का? असेल तर कल्पना करण्याऐवजी तेच समोर ठेवून लिहीन.
(शिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : आहे, आणि ते न वाचता कुणी जर्मनीवर लिहू नये असे आमचे मत आहे. बल्गेरिया.

सप्टेंबर १९१८ मध्ये मॅसेडोनियाची आघाडी फुटली. परतणाऱ्या सैनिकांनी सोफियाच्या नैर्ऋत्येला राडोमिर गावी २७ सप्टेंबरला प्रजासत्ताक जाहीर केले आणि ते राजधानीवर चालून आले. २९ ला सलोनिका इथे युद्धबंदीवर सही झाली. बंडखोरांना सोफियाच्या वेशीवर जर्मन तुकड्यांच्या मदतीने अडवले आणि मोडले. ३ ऑक्टोबरला राजा फर्डिनांडने २४ वर्षांचा मुलगा बोरिस याच्यासाठी गादी सोडली आणि तो देश सोडून गेला. सहीपासून पदत्यागापर्यंत मोजून चार दिवस. त्यानंतर हे घराणे १९४६ च्या सार्वमतापर्यंत गादीवर राहिले.

पराभव हलका होता म्हणून हे जमले असे समजू नका. १९१९ च्या नेयी तहाने बल्गेरियाचा एजियन समुद्राचा किनारा गेला, फौज २०,००० वर आली आणि सव्वादोन अब्ज सुवर्ण फ्रँकचा दंड बसला. तरी गादी राहिली, कारण पराभवाचे खापर घेऊन फर्डिनांड गेला. बोरिसच्या हातून युद्धाचा कुठलाच मोठा निर्णय झालेला नव्हता. शिवाय बंड मोडायला ऐन वेळी हुकूम पाळणारी थोडी तरी फौज शिल्लक होती. तुमच्या कथेत ही फौज कोणती, किती आणि कुणाच्या हाताखाली, हे ठरवल्याशिवाय पहिले पान लिहू नका. जर्मनीत ९ नोव्हेंबरला नेमकी तीच नव्हती. बर्लिनमध्ये भरवशाच्या म्हणून आणलेल्या बटालियनसुद्धा त्या सकाळी फिरल्या.

प्रश्न : होळकर महिदपूरला हरूनही राहिले, पेशवे मात्र संपले. इंदूरचे राज्य टिकले ही इंग्रजांची मेहेरबानी म्हणायची का? आणि याचा जर्मनीच्या कथेशी काय संबंध?
(वाचक, नारायण बाग, इंदूर)

उत्तर : या पत्राने आम्हाला आनंद झाला, कारण पर्यायी इतिहास लिहिणारा इंदूरकर हाताशी असलेली वस्तू सोडून दूर जातो. मेहेरबानी हे उत्तर मात्र पुरेसे नाही.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज सर थॉमस हिस्लॉपच्या इंग्रज सैन्यापुढे हरली. आदल्याच दिवशी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी क्षिप्रेच्या काठी ठार मारले होते. राजा दुसरा मल्हारराव लहान मुलगा. राज्य बुडायला आणखी काय हवे? पण सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने तात्या जोगांनी, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांनी, आणि कंपनीच्या वतीने जॉन माल्कमने तो ठरवला.

तहातली कलमे नीट वाचा. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, खानदेशासह, कंपनीला. राजपूत संस्थानांवरचे खंडणीचे हक्क सोडले. टोंकच्या अमीरखानाला कंपनीने जे देऊ केले होते त्याला होळकरांची मान्यता. गफूरखानाच्या जावऱ्याला हमी. राज्याच्या रक्षणासाठी कंपनीची फौज. यातली बहुतेक कलमे म्हणजे होळकरांनी आपले हक्क कुणाला तरी सोडून देणे आहे. हक्क सोडून द्यायला हक्कदार लागतो. होळकरांची गादीच बुडवली असती तर उदयपूर-जयपूरची खंडणी कुणी माफ केली आणि टोंक-जावरा कुणी दिले, याचा कागदच राहिला नसता आणि प्रत्येक ठिकाणी नवा दावेदार उभा राहिला असता. माल्कमला त्या मुलाच्या शिक्क्याची गरज होती. तात्या जोगांना ही गरज कळली होती, आणि हरलेल्या बाजूने बसून त्यांनी राज्याचा गाभा वाचवला तो या जोरावर. त्याच वर्षी इंदूर राजधानी झाले आणि जवळच महूची छावणी बसली.

पेशव्यांचे उलटे. ३ जून १८१८ ला दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली तीही याच माल्कमपुढे. पाच महिन्यांत एकाच माणसाच्या हातून एक गादी राहिली आणि दुसरी गेली. बाजीरावाला सालीना आठ लाखांचे पेन्शन देऊन बिठूरला धाडले आणि पेशवेपद कायमचे बंद केले. पेशव्याच्या नावाभोवती सारे सरदार पुन्हा गोळा होऊ शकले असते, आणि त्याच्या शिक्क्याची गरजही उरली नव्हती. मराठी राज्याचा मान राखल्याचे दाखवायला साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह होतेच.

तेव्हा राजघराणे टिकवायचे तर जिंकणाऱ्याच्या कोणत्या कागदावर त्या राजाची सही लागते ते शोधा. जपानकडे पाहा. ऑगस्ट १९४५ मध्ये चीनपासून आग्नेय आशियापर्यंत लाखो जपानी सैनिक शस्त्रे घेऊन उभे होते. सम्राटाने १५ ऑगस्टला रेडिओवरून सांगितले आणि सैगाव, चीन, मांचुरिया इथे राजघराण्यातल्या राजपुत्रांना निरोप घेऊन धाडले, तेव्हा ती शस्त्रे खाली आली. जपानचा ताबा घेणारे अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांना हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता आले नसते. १९१८ च्या जर्मनीत दोस्त राष्ट्रांना कैसरच्या सहीची अशी गरज नव्हती. ११ नोव्हेंबरच्या युद्धबंदीवर एर्झबर्गरसारख्या मुलकी पुढाऱ्याची सही चालून गेली. तुमच्या कथेला ती गरज निर्माण करावी लागेल. एक सुचवतो : पूर्वेकडे, युक्रेनपासून बाल्टिकपर्यंत, जर्मन फौजा अजून होत्या, आणि बोल्शेव्हिक पुढे सरकू नयेत म्हणून त्यांनी लगेच मागे येऊ नये असे दोस्त राष्ट्रांनाच वाटत होते. त्या फौजा राजाच्या नावाशिवाय जागेवर राहणार नाहीत असे विजेत्यांना पटले, तर बारा वर्षांच्या मुलाचे मोल वाढते.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या फौजेचा १८४३ मध्ये एकाच दिवशी दोन ठिकाणी पराभव झाला, तरी शिंद्यांचे राज्य राहिले. हा नमुना कथेत वापरता येईल का?
(वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : अवश्य. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार या दोन्ही लढाया झाल्या. जयाजीराव तेव्हा दत्तक आलेले लहान मूल होते. गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरोने भूमिका अशी घेतली की आम्ही महाराजांचे मित्र आहोत, भांडण आहे ते दरबारातल्या लोकांशी आणि अनावर फौजेशी. राजाच्या नावाने राजाच्याच फौजेवर चाल. १३ जानेवारी १८४४ च्या तहाने रीजन्सी कौन्सिल, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार पाहणारे मंडळ, बसले, ते रेसिडेंटच्या (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या) सल्ल्याने चालणार असे ठरले, संस्थानची फौज ९,००० वर आणली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, म्हणजे कंटिंजंट, वाढवून त्याच्या खर्चाला मुलूख तोडून दिला.

जर्मनीच्या कथेत हा साचा असा बसतो : विजेते म्हणतात की आमचे भांडण सेनापतींशी होते. राजा लहान, तो निर्दोष. विल्सन यांच्या २३ ऑक्टोबरच्या पत्रात या भाषेला जागा आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते. व्हर्सायच्या तहाने जर्मन फौज एक लाखावर आणली, त्यात अधिकारी जास्तीत जास्त ४,०००. हजारो अधिकारी घरी बसणार. ते राजाचेच लोक, आणि त्यांना काढून टाकणाऱ्या फर्मानावर राजाच्याच नावाचा शिक्का. गादीचे सगळ्यांत जवळचे माणूस तिच्यावर रुसते ते इथे. ग्वाल्हेरमध्ये पुढे जो कंटिंजंट बसवला तोच १८५७ मध्ये उठला, हेही लक्षात ठेवा. विजेत्याने बसवलेली फौज कुणाचीच नसते.

प्रश्न : बारा वर्षांच्या राजाच्या नावाने कारभार कसा चालतो, हे लिहिताना हात अडखळतो. रोजचे काम कोण करते?
(वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : आपल्या गावात याचे उत्तम उदाहरण आहे. ते पराभवाचे नाही, तरी कामाचे आहे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. गादी मात्र बुडवली नाही. आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना २७ मे १८७५ ला दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. वय बारा, म्हणजे तुमच्या जर्मन मुलाएवढेच. २८ डिसेंबर १८८१ ला त्यांना राज्याची मुखत्यारी मिळाली. मधली साडेसहा वर्षे कारभार सर टी. माधवराव यांनी दिवाण म्हणून चालवला आणि मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी एलियट यांच्याकडे होती.

कथेसाठी यातून तीन माणसे उचला : कागद चालवणारा दिवाण, मुलाला घडवणारा शिक्षक आणि वाड्यातली वडीलधारी स्त्री. दत्तकाची मान्यता, खर्चाची मंजुरी, नेमणुका हे सगळे या तिघांच्या ओढाताणीतून जाते. जर्मनीत दिवाणाच्या जागी राइशटागला जबाबदार असलेला चॅन्सेलर येईल. वडीलधारी स्त्री म्हणजे मुलाची आई, युवराज्ञी सेसिली. ती खऱ्या इतिहासातही क्रांतीनंतर मुलांना घेऊन जर्मनीतच राहिली होती. तिच्याकडे फार कमी लेखकांचे लक्ष जाते.

आजोबांना मात्र देशात ठेवू नका. व्हर्सायच्या २२७ व्या कलमात माजी कैसरवर खटला चालवायची तरतूद आहे. तो हॉलंडमध्ये होता आणि डच सरकारने त्याला सोपवायला नकार दिला, म्हणून विषय मिटला. तो पोट्सडाममध्ये राहिला असता तर नातवाच्या सरकारला आजोबांना शत्रूच्या हवाली करण्याच्या हुकमावर सही करावी लागली असती.

प्रश्न : राजा राहिला तर १९२३ ची महागाई टळेल ना? आणि पुढचा हुकूमशहाही?
(विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : महागाई टळत नाही. जर्मनीने युद्धाचा खर्च करांपेक्षा कर्जरोख्यांवर भागवला होता आणि जिंकल्यावर तो शत्रूकडून वसूल करायचे ठरवले होते. हरल्यावर ते ओझे स्वतःच्याच गळ्यात पडले. १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कची भरपाई ठरली, १९२३ मध्ये रुर खोऱ्यात फ्रेंच फौजा शिरल्या, आणि नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. गादीवर मूल असल्याने यातला एकही आकडा बदलत नाही. बदलते ते खापर. खऱ्या इतिहासात ते प्रजासत्ताकावर फुटले. युद्धबंदीवर सही करणाऱ्या एर्झबर्गरचा २६ ऑगस्ट १९२१ ला खून झाला. तुमच्या कथेत ते राजाच्या मंत्र्यांवर फुटेल. म्हणून सही करायला हिंडेनबुर्गला पाठवा. सेनापतीने आपला पराभव आपल्या हाताने लिहून दिला, तर ‘फौज हरली नव्हती, घरच्यांनी घात केला’ या कांगाव्याचा पायाच जातो. आमच्या मते संपूर्ण कथेत याहून मोठा बदल नाही.

हुकूमशहाबद्दल राजाच्या भरवशावर राहू नका. इटलीत ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चालून आले, तेव्हा मंत्रिमंडळाने तयार केलेल्या आणीबाणीच्या फर्मानावर राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएलने सही नाकारली आणि मुसोलिनीलाच बोलावून घेतले. १९४६ च्या सार्वमतात त्या घराण्याला याची किंमत मोजावी लागली.

प्रश्न : कथा ३,००० शब्दांची हवी आहे. एवढ्यात हे सगळे कसे बसवायचे?
(अनेक वाचक)

उत्तर : बसवू नका. एका मोठ्या कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे खऱ्या तारखा, उजवीकडे तुमच्या. पहिल्या आठवड्यात उजवीकडे एकच गोष्ट बदला आणि बाकी सारे डावीकडचे जसेच्या तसे ठेवा : इन्फ्लुएंझाची साथ, ज्यात माक्स स्वतः ऑक्टोबरअखेर आजारी होता, अन्नाची टंचाई, इंग्लिश नाकेबंदी, जी खऱ्या इतिहासात जुलै १९१९ पर्यंत उठली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून जो फरक पडेल त्याला डावीकडच्या एखाद्या ओळीतून कारण मिळाले पाहिजे. कारण सापडत नसेल तर तो फरक खोडा. मग कागदावरचा एकच दिवस घेऊन कथा लिहा. पदत्यागाच्या मसुद्यातली तीन कलमे कोण सांगतो, कोण लिहितो आणि कोण खोडतो, एवढ्यावर तीन हजार शब्द सहज उभे राहतात.

प्रश्न : या कथेत ग्वाल्हेरचा एखादा शिपाई पात्र म्हणून आणला तर ओढूनताणून वाटेल का?
(वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : मुळीच नाही. शिंदे सरकारची पायदळाची तुकडी पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत जर्मनांविरुद्ध होती. तिथला जर्मन सेनापती लेटो-फोरबेक याला युरोपातली युद्धबंदी झाल्याचे १३ नोव्हेंबरला एका पकडलेल्या निरोप्याच्या कागदावरून कळले आणि त्याने २५ नोव्हेंबरला अ‍ॅबरकॉर्न इथे, म्हणजे आजच्या झांबियातल्या म्बाला इथे, शस्त्रे ठेवली. तुमच्या कथेत त्या कागदावर नव्या राजाचे नाव असेल. लेटोची फौज मूळ कैसरच्या शपथेने बांधलेली आहे आणि शपथेतून मोकळे करणारे कलम त्या कागदात आहे की नाही, हे त्याला विचारावे लागेल. तुमच्या शिपायाला त्या बाजूच्या पहाऱ्यावर उभा करा.